सांगणाऱ्याचा रकाना

"खंयचो?" कुठला कान, असं विचारून दवाखान्यातले आमचे भाऊ खुर्चीतून उठायचे. टेबलाला वळसा घालून कानाच्या पेशंटाजवळ यायचे आणि त्याच्या बाजूला उभे राहायचे. समोर नव्हे, बाजूला. पेशंटाचं तोंड जिकडे असेल तिकडेच आपलंही तोंड करायचे. पेशंटाने दुखऱ्या कानाला हात लावला की तेही आपल्या त्याच कानाला हात लावायचे. मग तो कान तसाच धरून पुन्हा टेबलाला वळसा, पुन्हा खुर्ची, आणि मगच टाक शाईत बुडवायचा.

उजवा कान असला की पंचाईत व्हायची. उजव्या हाताने लिहायचं, तर कान कोण धरणार? मग डावा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन ते उजवा कान धरायचे. शाळेत नाव घालताना मुलाचा हात डोक्यावरून कानाला पुरतो का बघतात ना, अगदी तसे. पन्नाशीचा उंच, किडकिडीत माणूस, खाकी कोट, दोरीने बांधलेला चष्मा, आणि असा स्वतःचा कान धरून लिहायला बसलेला. ओटीवरची माणसं हसायची. "भाऊनूं, तुमचो हात पुरता, शाळेत घेतले तुमका!" असं कोणीतरी म्हणायचंच. ते हसत नसत आणि रागावतही नसत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांची एखादी सवय आपण हसण्यावारी नेतो, आणि ती कशावर उभी आहे ते आपल्याला फार उशिरा कळतं.

मालवणहून आचऱ्याकडे जाताना वाटेवर आमचं गाव. गावात सरकारी दवाखाना होता, दोन खोल्या आणि एक ओटी. ते तिथले कंपाउंडर. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही तेच म्हणायची. माझे यजमान रापणीवर, मासळीचं जाळं ओढायला जायचे, आणि मी दवाखान्यात होते. पाणी भरायचं, केर काढायचा, स्टोव्हवर सुया उकळायच्या, आणि कानाच्या पेशंटांसाठी काडीला कापूस गुंडाळून वाती करून ठेवायच्या. वात फार घट्ट झाली तर कानात टोचते, सैल झाली तर आत सुटून राहते. ते मला भाऊंनीच शिकवलं. मी कोणाशी फारशी बोलत नसे. माझा आवाज घशातून बाहेर येईपर्यंत समोरचा माणूस पुढे गेलेला असायचा. भाऊ मात्र थांबत. मी काही सांगायला लागले की टाक खाली ठेवून थांबत.

बाजूला उभं राहण्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. आधीच्या एका दवाखान्यात समोर बसून त्यांनी एका म्हाताऱ्याचा कान लिहिला होता. समोरच्याचा डावा तो आपल्या उजव्या हाताला येतो, त्यात त्यांची गफलत झाली. आठ दिवस म्हाताऱ्याचा चांगला कान धुतला गेला.

"आणि तो काय बोललो नाय?" मी विचारलं.

"नाय गो. तेका वाटला, औषद आतल्या आत पलीकडे जाता."

एवढं सांगून ते हसले नाहीत. "म्हाताऱ्यान इस्वास ठेवल्यान," म्हणाले, "म्हणून तो गप ऱ्हवलो."

वरून एक छापील यादी आली होती. प्रत्येक रोगाला आकडा. महिनाअखेर कुठल्या आकड्याचे किती पेशंट ते तक्त्यात भरून पाठवायचं. यादीच्या तळाला 'इतर' असाही एक आकडा होता. भाऊंच्या आधीच्या कंपाउंडरांनी कान, डोळे, दात, सगळं त्या 'इतर'मध्ये घातलेलं होतं. भाऊ त्याच्यावर फार चिडायचे.

"'इतर' नावाचो रोग कोणाक झालो तो माका दाखय," ते म्हणायचे. "कान दुखता तो येगळो. कान व्हावता तो येगळो. कानाच्या बाहेर फोड येता तो येगळो, आणि कानामागचा हाड सुजता ता तर सगळ्यांत येगळा. चारांका एका पोत्यात घालून कसा चलात?"

म्हणून त्यांचे प्रश्न ठरलेले. खंयचो? कितके दिस? सुको काय ओलो? वास येता? आधी कधी झाल्लो? हे सगळं लिहून तो कागद पेशंटाबरोबर आत डॉक्टरांकडे जायचा. पुढे डॉक्टर जे निदान सांगतील ते वहीत यायचं, आणि त्याच्यापुढे यादीतला आकडा.

डॉक्टर नवे होते. देशावरचे, तरुण, स्वभावाने चांगले. पण आमची बोली त्यांना कळायची नाही. एकदा भाऊ जेवायला गेलेले असताना एक कोळीण आली आणि सरळ आत जाऊन म्हणाली, "डाक्टरानूं, माझो कान फुटलो."

"कोणी मारलं?" डॉक्टर म्हणाले.

"मारूक कोण मारतलो?"

"घाबरू नका. नवऱ्याने मारलं का?"

बाईने पाटी खाली आपटली. "माझ्या घोवान माका कधी हात लावल्यान नाय! तुमी कोण इचारतलास?" तिचा आवाज थेट बंदरापर्यंत गेला असेल. डॉक्टरांनी तोवर कागदावर 'मार लागून कानास इजा' असं लिहूनही टाकलं होतं.

भाऊ आले, बाजूला उभे राहिले, कान धरला, चार प्रश्न विचारले. मग आत जाऊन शुद्ध बोलीत सांगितलं, "साहेब, इकडे कान फुटला म्हणजे कानातून पू आला. मार नाही. डावा कान, सहा दिवस, ओला." डॉक्टरांनी लिहिलेल्यावर त्यांनी एक बारीक रेघ मारायला लावली आणि शेजारी नवं लिहून घेतलं. खोडून काळं करायचं नाही, हा त्यांचा नियम. चूक रेघेखाली वाचता आली पाहिजे. "चूक कोणी केल्यान आणि कसली, ता दिसाक होया," म्हणायचे. "नायतर माणूस तीच पुन्ना करता."

त्या छापील वहीत नाव, वय, गाव, रोग आणि औषध एवढेच रकाने. भाऊंनी शेवटी पेन्सिलीने एक अरुंद रकाना आखला होता. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'सांगणार'. म्हणजे हे सगळं सांगितलं कोणी. पेशंटाने स्वतः, आईने, सासूने की शेजारणीने. सून गप उभी आणि सासू बोलते, "काय नाय, वांयच कान दुखता," असं फार व्हायचं. भाऊ लिहायचे, 'सांगणार: सासू.' मग सुनेला पाणी प्यायला म्हणून माझ्याबरोबर मागच्या दारी पाठवायचे. ती मला सांगायची, मी भाऊंना सांगायची, आणि त्याच्याखाली दुसरी ओळ पडायची, 'सांगणार: स्वतः.' दोन ओळींतल्या दुखण्याच्या दिवसांत पुष्कळदा महिन्याचं अंतर असायचं.

एक सवय मात्र त्यांची मला आवडत नसे. लिहून झालं की ते मोठ्याने वाचून दाखवायचे, पेशंटाला 'बरोबर' म्हणता यावं म्हणून. "उजवो कान, व्हावता, धा दिस, वास येता. बरोबर?" पेशंट मान हलवायचा, आणि ओटीवरची माणसंही मान हलवायची. अख्ख्या गावाला एकमेकांचे कान पाठ होते. पोरं भांडताना म्हणायची, "गप रे, व्हावता, धा दिस!" भाऊंच्या ते ध्यानात यायचं नाही. त्यांना वाटायचं, खरं लिहिलेलं खऱ्यासारखंच वाचावं. त्यात लाजण्यासारखं काय?

आता मला माझं सांगायचं आहे. इतके दिवस मी त्याच्याच भोवती फिरते आहे.

माझ्या थोरल्या मुलीचं वय तेव्हा चौदा. तिचा उजवा कान लहानपणी दोनदा वाहून सुकला होता. त्या वर्षी भातं कापून झाल्यावर तो पुन्हा वाहू लागला. मी घरी वाती करून पुसायची, लसणाचं तेल घालायची. तेल घालू नये हे मला माहीत होतं. भाऊ रोज दहा जणांना तेच सांगायचे. पण दवाखान्यात नेलं तर वहीत येणार, आणि वहीत आलं की ओटीवर ऐकू जाणार. आणि त्याच आठवड्यात गुरुवारी तिला बघायला आचऱ्याची माणसं येणार होती. चांगलं घर, स्वतःची होडी. कान वाहणारी मुलगी म्हटलं की लोक आधी वासाचं बोलतात, मग मुलीचं.

सोमवारी तिला ताप भरला. तेव्हा मी तिला घेऊन गेले. ओटीवर आचऱ्याच्या त्या नवऱ्या मुलाचा मामा बसला होता. पायाला जखम झाली होती, पट्टी बांधून घ्यायला आला होता. मला बघून हसला. मी मुलीच्या कानातला कापूस वाटेवरच काढून पदरात बांधला होता.

"भाऊ, चेडवाक ताप इलो," मी म्हटलं.

ते उठले, तिच्या बाजूला उभे राहिले. त्यांना वास आला असणार. हळूच विचारलं, "खंयचो?"

मुलीने हात उचलला. मी तिचा हात खाली धरला आणि इतक्या हळू बोलले की माझं मलाच ऐकू आलं नाही. "उजवो. धा दिस झाले. पण भाऊ, लिवू नकात. बेस्तरवारी तिका बघूक येतत. तेंचो मामा ओटीयेर आसा."

"बाय, मी वाचूचंय नाय. पण लिवचा तरी लागतला."

"वही टेबलार उघडी असता. कोणय वाचता. औषद देवा, फकत लिवू नकात. तुमच्या पाया पडतंय."

मी खरंच वाकले. ते दोन पावलं मागे झाले, जणू मी काही सांडलं होतं. मग खुर्चीत जाऊन बसले. टाक शाईत बुडवला आणि तसाच धरून बसले. शाईचा थेंब वहीवर पडला. त्यांच्या वहीत मी पाहिलेला तो एकच डाग. मग त्यांनी लिहिलं, 'ताप'. कागदावरही 'ताप'. शेवटचा रकाना रिकामा ठेवला. आणि वाचलं नाही.

ओटीवरून कोणीतरी ओरडलं, "भाऊनूं, आज पाठ म्हणूक नाय काय?" मामा हसला. भाऊंनी वही मिटली.

डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. जाताना भाऊंनी बोरिकची पुडी माझ्या हातात ठेवली. "रोज कान सुको कर. तेल घालू नको. मी उद्या रजेर जातंय, आवशीक बरा नाय. आयक माझा. व्हावचो एकदम बंद झालो आणि ताप वाढलो, नायतर कानामागे दुखाक लागला, तर त्याच घटकेक डॉक्टराक सांग. सगळा सांग. लाज धरू नको."

"व्हय," मी म्हटलं.

त्यांची आई असायची गावाला, दोडामार्गाकडे, तेव्हा तिथे जायचं म्हणजे पुरा दिवस मोडायचा. ते गेले.

गुरुवारी सकाळी मुलीचा कान कोरडा झाला. एकदम. वात आत घातली, तशीच पांढरी बाहेर आली. मी देवीला नारळ ठेवला. भाऊंनी सांगितलेलं मला आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. आठवलं. पण मी स्वतःशी म्हटलं, त्यांना काय ठाऊक, देवीने ऐकलं. मुलीच्या अंगात ताप होता, त्याने गाल लाल दिसत होते. मी तिच्या केसांत अबोलीची जाड वेणी माळली, उजव्या कानावर उतरती.

"आये, वेणी टोचता," ती म्हणाली.

"अबोली खंय टोचता गो? गप ऱ्हव."

माणसं आली, चहा-पोहे झाले, मुलगी पसंत पडली.

दुसऱ्या दिवसापासून ताप उतरेना. मी तिला डॉक्टरांकडे दोनदा नेलं. त्यांनी वही बघितली. 'ताप'. नीट विचारलंही, "आणखी काही त्रास? काही दुखतं?" मुलगी माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही." शुद्ध बोलीत म्हटलं. ऑफिसात खोटं बोलायलाही आम्ही शुद्धच बोलतो. डॉक्टरांनी कडू गोळ्या वाढवल्या. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्यासमोर जे लिहिलं होतं आणि जे सांगितलं गेलं, त्यावर ते चालले.

रजेच्या बाराव्या दिवशी भाऊ परत आले. बसमधून उतरून, पिशवी खांद्यावर, घरी न जाता तडक दवाखान्यात. मुलगी ओटीवरच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती, केसांत सुकलेली वेणी. ती मी रोज बदलायची, त्या दिवशी बदलली नव्हती. भाऊंनी तिला बघितलं आणि पिशवी खाली टाकली. बाजूला जाऊन, तिच्याच दिशेला तोंड करून उभे राहिले.

"खंयचो गो बाय?"

तिने माझ्याकडे बघितलं. हात उचलला नाही. मीच शिकवलं होतं तिला.

भाऊंनी दोन बोटांनी वेणी बाजूला केली. कान सुपासारखा पुढे आला होता. मागे लालभडक सूज, केसांत शिरलेली. त्यांनी तिथे बोट लावलंही नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ आत गेले.

"साहेब, माझ्या रजेआधीच्या सोमवारची नोंद चुकीची आहे. या मुलीचा उजवा कान दहा दिवस वाहत होता. मी ताप लिहिलं."

"तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही लिहिलंत? का?"

"चुकीचं लिहिलं, साहेब. आधी मुलीला बघा."

डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. इंजेक्शन दिलं. म्हणाले, हे इथे होणार नाही, कोल्हापूरला मोठ्या इस्पितळात न्या, आजच्या आज. दुपारच्या बसला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात भाऊंनी एक कागद लिहिला. माझे यजमान समुद्रावर होते. तेव्हा भाऊच आमच्याबरोबर आले, तीच पिशवी उचलून. फोंड्याच्या घाटात मुलगी माझ्या मांडीवर बडबडायला लागली. भाऊ पुढच्या बाकावर बसले होते, हातातला कागद वाऱ्याने चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

इस्पितळात डॉक्टरांनी मला विचारलं, "कधीपासून आहे हे?" भाऊ माझ्या बाजूला उभे होते. मला वेळ दिला त्यांनी. माझे ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी कागद पुढे केला.

डॉक्टरांनी तो उभ्यानेच वाचला. कुठला कान, लहानपणी किती वेळा वाहिला, या खेपेला किती दिवस, कुठल्या दिवशी बंद झाला, ताप कसा चढला, सूज केव्हापासून, कुठलं औषध किती दिलं. कुठल्या दिवशी बंद झाला ते मी त्यांना बस यायच्या आधी सांगितलं होतं, हाताची बोटं मोजून. "कानामागचं हाड आतून सडलंय," डॉक्टर म्हणाले. "लगेच उघडावं लागेल." आणि मुलीला घेऊन गेले.

मुलगी वाचली. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली. डॉक्टर म्हणाले, या कानाने आता ऐकू येणार नाही. आठवडाभर आधी आणली असती तर, असं म्हणून ते थांबले. त्यांच्या हातात तोच कागद होता. "यात लिहिलंय की पहिल्या दिवशी नुसता ताप अशी नोंद झाली. ती कशी?"

"माझी चूक," भाऊ म्हणाले.

परत आल्यावर पहिलं काम त्यांनी वहीचं केलं. लाल शाई काढली. 'ताप'वर एक बारीक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'उजवा कान, वाहतो, दहा दिवस.' आकडा बदलला. खाली सही केली. महिन्याचा तक्ता वर गेलेला होता, म्हणून दुरुस्तीचा कागद वेगळा पाठवला. तो पाठवला नसता तर कोणाला कळलंही नसतं.

महिन्याभराने मोठे साहेब तपासणीला आले. वही उघडून लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? हा शेवटचा रकाना रिकामा का?"

मी उकळलेल्या सुयांचं ताट घेऊन दारात उभी होते. भाऊंनी माझ्याकडे नजर वळवली नाही. पण त्यांची टाक धरलेली बोटं थांबली होती. माझं बोलणं येईपर्यंत ती नेहमी थांबायची तशी. मी ताट घेऊन मागच्या दारी गेले आणि विझलेल्या स्टोव्हला पंप मारत बसले.

"कोणाच्या नाही, साहेब," असं ते म्हणाल्याचं मला आतून ऐकू आलं.

त्यांना ठपक्याचं पत्र आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने फायलीला लावलं.

त्या दिवसानंतर भाऊंनी मोठ्याने वाचणं सोडलं. लिहून झालं की बाजूला जाऊन पेशंटाच्या चांगल्या कानात हळू सांगायचे. दोन्ही कान गेलेला कोणी असला तर वही त्याच्यासमोर धरायचे आणि शब्दांवर बोट फिरवायचे. ओटीवरची माणसं म्हणायची, "भाऊ म्हातारे झाले, आवाज गेलो." मी खाली बघून वाती वळत राहायची.

आचऱ्याचं ते लग्न मोडलं. तीन वर्षांनी मुलीला दुसरीकडून बघायला आले. तेव्हा मी स्वतः जाऊन भाऊंना घरी बोलावलं. मुलगा खलाशी होता, लाजाळू. मुलीच्या उजव्या बाजूला बसून दोनदा काहीतरी बोलला, तिला ऐकू गेलं नाही. मुलाची आई माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडलं. या खेपेला आवाज निघाला. "तिचो उजवो कान गेलो आसा. आयकाक येणा नाय."

मुलगा उठला. मला वाटलं, निघाला. तो मुलीला वळसा घालून डाव्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "मघाशी मी इचारलंय, तुका होडीची भीती वाटता?"

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग ते हसले, आणि इतकं मोठ्याने हसताना मी त्यांना फक्त त्याच दिवशी पाहिलं.

निवृत्तीच्या शेवटच्या दुपारी ते वह्यांची कपाटं लावत होते. मला हाक मारली. ती जुनी वही टेबलावर उघडी होती. शाईचा तो डाग, लाल रेघ, आणि शेवटी रिकामा पेन्सिलीचा रकाना. त्यांनी टाक माझ्यापुढे केला.

"तुका लिवाक येता," एवढंच म्हणाले.

मी टाक हातात घेतला. रकान्यावर नेऊन तसाच धरला. तेवढ्यात नवे कंपाउंडर किल्ल्या मागायला आत आले. मी टाक खाली ठेवला. भाऊंनी वही मिटली, पुसली, कपाटात ठेवली. "ऱ्हवांदे," म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या पावसाळ्यात ते गेल्याची बातमी आली. कोणीतरी बसवाल्याकरवी कळवली. मी मुलीला सांगितलं. ती माहेरी आली होती. चुलीपुढून उठून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, माझं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला. तिने उजव्या कानावर हात ठेवला. किती तरी वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन ती वही मागितली. जुन्या वह्या गोणपाटात बांधून केव्हाच तालुक्याला नेल्या होत्या. तिथे कुठल्या खोलीत आहेत, आहेत की वाळवीने खाल्ल्या, ते कोणाला ठाऊक नाही. म्हणून इथे लिहिते. रकाने मी पेन्सिलीनेच आखले आहेत.

मुलगी, वय चौदा. उजवा कान. वाहतो. दहा दिवस. वास येतो. आधी दोनदा झाला आहे.

सांगणार: आई.